अकराची बोली

पडद्यांचं दुकान चालवणाऱ्या वहिनी आणि त्यांचे धाकटे दीर पत्त्यांच्या टेबलावर एकमेकांचे भिडू होते, हे गावात जितक्या लोकांना ठाऊक होतं, तितक्यांना वहिनींचा नवराही ठाऊक नव्हता. तो बिचारा लोकांच्या खिडक्यांची मापं घेत हिंडायचा आणि पत्ते म्हटलं की जांभया द्यायचा. दीर लिफ्ट दुरुस्त करायचे. वहिनी त्यांना भाऊजी म्हणायच्या म्हणून सगळा क्लब त्यांना भाऊजी म्हणायचा.

क्लब होता पोहण्याच्या तलावाच्या वरच्या मजल्यावर. हॉलमध्ये कायम क्लोरीनचा वास, खिडक्यांच्या काचा घामेजलेल्या आणि खालून मुलांनी उड्या मारल्याचे धप्प आवाज. तिथला डाव साधा होता. चौघांत मिळून सगळी पानं वाटायची, समोरासमोरचे दोघं एका बाजूचे. तेरा हातांपैकी आपली जोडी किती करणार, याची बोली लावायची. सात, आठ, नऊ, अशी चढत. ज्याची बोली सर्वांत मोठी, त्यानं आपल्या आवडीच्या रंगाचं पान टेबलावर उलटायचं. तो रंग हुकूम. बोलीइतके हात केले तर बोललेल्या प्रत्येक हाताला दहा गुण, आणि बोली दहा किंवा वरची असली तर पन्नास जादा. कमी पडले, तर कमी पडलेल्या दर हातामागे वीस गुण समोरच्यांना. आधी पाचशे करील ती जोडी जिंकली.

वहिनी पानं दोनदा मोजायच्या आणि मग एक हात कमीच बोलायच्या. भाऊजी एकदाही न मोजता दोन हात जास्त बोलायचे.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, भाऊजी."

"तुमचं तर कापडाचंच दुकान आहे, वहिनी. अंथरूण लांब करा की!"

असं टेबलावर भांडत भांडत दोघांनी क्लबचा चषक बऱ्याचदा घरी नेला होता. भाऊजींचा आवाज इतका मोठा, की त्यांनी "दहा!" म्हटलं की खाली तलावातली माणसं वर बघायची, असं चिटणीस गमतीनं म्हणायचे.

मग एका सकाळी एका दवाखान्याच्या इमारतीत, लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून काम करताना भाऊजींच्या हातातून पाना पडला. ते उचलायला गेले, तर हात गेलाच नाही. वरून रखवालदारानं वाकून विचारलं, "काय झालं?" भाऊजी म्हणाले, "टेबल." त्यानं पुन्हा विचारलं. भाऊजींनी कपाळाला आठ्या घालून, अगदी समजावून सांगितल्यासारखं पुन्हा म्हटलं, "टेबल."

दवाखान्यातच अर्धांगवायूचा झटका आला म्हणून जीव वाचला. पाय महिन्याभरात काठीवर आला. उजवा हात लुळा राहिला. आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. वर्तमानपत्र वाचायचे, टीव्हीवरच्या माणसांना हातवारे करून खोडून काढायचे. पण तोंडातून दोनच शब्द निघायचे, "बरं" आणि "नाही", आणि तेही कधी उलटेसुलटे. नाही म्हणायचं असलं की बरं निघायचं, आणि मग स्वतःवरच चिडून ते काठी आपटायचे.

वहिनी रोज दुकान बंद केल्यावर त्यांच्याकडे जायच्या. एकदा त्यांनी पिशवीतून पडद्याच्या रुळाचा एक वीतभर तुकडा काढला. तळाला लाकडी पट्टी ठोकून तो उभा राहील असा केला होता.

"हे काय, ताई?" धाकट्या जावेनं विचारलं. ती भाऊजींची बायको. शाळेच्या वाचनालयात नोकरीला होती.

"एका हातानं तेरा पानं कशी धरणार ते? ह्या खाचेत खोचून ठेवायची."

वहिनींनी पत्ते वाटले. भाऊजींनी डाव्या हातानं एकेक पान खाचेत लावलं. बराच वेळ बघत बसले. मग हळू, पण स्पष्ट आवाजात म्हणाले, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ." आणि थांबले. टेबलावर बोट आपटलं.

जाऊ स्वयंपाकघरातून धावत आली. तिच्या हातातला चमचा गळत होता.

"आठ?" वहिनींनी विचारलं.

भाऊजी मोठ्यांदा हसले. सुटा आठ काही केल्या निघत नव्हता. पण एकपासून पाढ्यासारखं सुरू केलं की गाडी रुळावर धावायची, आणि हवं त्या स्टेशनावर ते ब्रेक मारायचे. दुसऱ्या दिवशी वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, की पाठ झालेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात, म्हणून असं होतं. वहिनींना त्या वाटेचं काही पडलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे ह्यांना बोली लावता येते. झालं तर!"

हिवाळ्यातल्या स्पर्धेची नावं घ्यायला सुरुवात झाली, तशा वहिनी चिटणीसांकडे गेल्या. चिटणीसांचं सायकलींचं दुकान होतं. मन लोण्यासारखं, आणि तोच त्यांचा दोष. त्यांनी चाकाचे आरे आवळणं थांबवलं, हात पुसले आणि म्हणाले, "वहिनी, भाऊजींसाठी आम्ही ठरवलंय. पहिल्या रांगेत मानाची खुर्ची. बक्षीस समारंभात त्यांच्याबद्दल चार शब्द. त्यांच्या नावानं एक चषकही ठेवू म्हणतो."

"ते जिवंत आहेत, चिटणीस. शोकसभा कसली घेताय?"

"तसं नव्हे हो—"

"खुर्ची द्यायचीच असेल, तर टेबलापाशी द्या. माझ्या समोरची."

"नियम आहे. बोली तोंडानं लावायची, हातवारे नाहीत. ते बोलणार कसे?"

"तोंडानंच बोलतील. एकपासून मोजत बोलतील. मधूनच सुरू करायचं, असं कुठं आहे नियमात? एकपासून सुरू करायला बंदी आहे का?"

चिटणीसांना हसू आलं आणि ते पाघळले. पण बातमी फुटली तसा औषधांचं दुकान चालवणारा केमिस्ट तणतणत आला. तो आणि त्याचा मेहुणा गेल्या वर्षीचे विजेते. केमिस्ट म्हणाला, "दया मलाही येते. पण मोजताना माणूस कुठं अडखळला, कुठं रेंगाळला, यावरून भिडूला पानं कळतात. हा सरळ इशारा झाला."

वहिनी म्हणाल्या, "चांगली पानं आली की तुम्ही कान खाजवता, हे सगळा क्लब बघतो. मी कधी तक्रार केली?"

केमिस्टचा हात कानाकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला.

पण त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि वहिनींनाही ते मनातून पटलं होतं. शेवटी तोडगा निघाला. चिटणीस टेबलावर पेन्सिलीनं ठोका देणार आणि भाऊजी प्रत्येक ठोक्याला एक आकडा म्हणणार. ना घाई, ना रेंगाळणं. आणि नुसतं "नाही" म्हटलं, तर बोली सोडली असं धरायचं.

घरी मात्र जावेनं वहिनींना दारातच गाठलं. "ताई, तुम्हाला जिंकायचंय, हे मला कळतं. पण माझ्या माणसाचं हसं होऊ देऊ नका. सगळ्यांसमोर लहान मुलासारखं एक-दोन-तीन म्हणत बसायचं? त्यांना काय वाटेल?"

"त्यांनाच विचार की."

जाऊ आत गेली. भाऊजी टेबलाशी बसून डाव्या हातानं पत्ते पिसायचा सराव करत होते. निम्मी पानं जमिनीवर होती. तिनं विचारलं. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, म्हणाले, "बरं." आणि खाली वाकून पानं गोळा करू लागले. ती म्हणाली, "बरं म्हणजे हो, की बरं म्हणजे नाही?" त्यावर भाऊजींनी एक इरसाल शिवी हासडली. झटक्यानंतर पहिल्यांदाच, आणि ती अगदी पूर्ण, शुद्ध, एकही अक्षर न चुकता. दारातल्या वहिनी आत धावल्या. मग जाऊच आधी हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "जा, खेळा. मीही येते बघायला."

पहिल्या दोन फेऱ्या त्यांनी जिंकल्या. उपांत्य फेरीत समोर आले केमिस्ट आणि मेहुणा.

त्या संध्याकाळी हॉल भरला होता. खालच्या तलावाला सुट्टी होती, त्यामुळे पेन्सिलीचा ठोका शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होता. टक, "एक." टक, "दोन." मागं कुणीतरी खुदकन हसलं. वहिनींनी मान वळवून बघितलं, आणि हसणाऱ्यानं एकदम बुटाची नाडी बांधायला घेतली.

तिसऱ्या डावात घोटाळा झाला. भाऊजींना आठवर थांबायचं होतं, पण ठोक्यानं त्यांना पुढं ओढलं. "आठ," टक, "नऊ." लगेच त्यांनी डोकं जोरजोरात हलवलं, चेहरा लालबुंद झाला. चिटणीस घाईनं म्हणाले, "चूक झाली, चूक झाली. आठच धरू. काय केमिस्ट?" केमिस्टनं मोठ्या मनानं मान डोलावली. "धरा हो. आजारी माणूस."

आजारी माणूस! वहिनींनी ते ऐकून घेतलं, कारण आठच खरे होते. पण भाऊजींनी पुढचे दोन डाव मान वर केली नाही. टेबलाच्या कडेवर त्यांचं डावं बोट नुसतं दाबून धरलेलं होतं, नख पांढरं पडेपर्यंत. भिंतीपाशी बसलेली जाऊ उठून पाणी प्यायला गेली, ती बऱ्याच वेळानं परत आली.

खेळ पुढं सरकला. दोन्ही जोड्या चढाओढीनं वर गेल्या. फळ्यावर वहिनींच्या बाजूला चारशे दहा आणि समोर तीनशे ऐंशी झाले, तेव्हा तो डाव वाटला गेला.

केमिस्टनं पानं उचलली. कान खाजवायची आता सोय नव्हती, म्हणून त्यानं खुर्ची पुढं सरकवली. "नऊ," तो म्हणाला.

वहिनींच्या हातात बदामाची पाच पानं, त्यांत राजा. इस्पिकचं एकुलतं एक. बाकी सगळी सुमार. नवावर चढायचं, तर दहा बोलावे लागणार. अंथरूण तेवढं नव्हतं. "पास," त्या म्हणाल्या.

"दहा!" मेहुणा म्हणाला. खुर्चीत मागं रेलला.

आता भाऊजींची पाळी. सगळ्यांना वाटलं, नाही म्हणतील. भाऊजींनी खाचेतल्या पानांवरून नजर फिरवली. मग मान वर करून फळ्याकडे पाहिलं. चिटणीसांकडे बघून खूण केली. पेन्सिल उचलली गेली.

"एक. दोन. तीन." आवाज संथ होता. "सात. आठ. नऊ." हॉलमधली कुजबूज थांबली. "दहा," टक, "अकरा."

ते थांबले.

अकरा! साऱ्या स्पर्धेत कुणी अकरा बोललं नव्हतं. चिटणीसांच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "भाऊजी, पुन्हा पुढं गेलात का? काही हरकत नाही. पास म्हणायचं होतं ना? परत घ्यायची बोली?"

भाऊजी म्हणाले, "बरं." मग डोकं हलवून, "नाही. बरं. नाही!" आणि दात आवळले.

"परत घेतायत ते," केमिस्ट म्हणाला. "घेऊ द्या. आमची दहाची बोली राहील. आम्हाला असल्या गोष्टीचा फायदा घ्यायचा नाही."

"थांबा," वहिनी म्हणाल्या.

त्या भाऊजींकडे बघत होत्या. मघाशी चुकले तेव्हा त्यांचा चेहरा पेटला होता. आता तो पेटला नव्हता. ते रागावले होते, पण स्वतःवर नाही. सरळ वहिनींकडे बघत होते. कितीतरी वर्षं डोक्यावरून बोली चढवून असंच बघायचे, "सांभाळा आता" म्हणून. पण भाऊजी नेहमी जिंकायच्या हावेनं चढायचे, आणि ही पानं जिंकायची नव्हतीच. वहिनींच्या हातात काही नाही, हे त्यांनी पास म्हटल्यावर भाऊजींना कळलं होतं. अकरा हात कुठून होणार?

मग त्यांनी फळ्याकडे पाहिलं. तीनशे ऐंशी. समोरच्यांनी दहा बोलून केले, की शंभर आणि वर पन्नास. पाचशेच्या पार. खेळ खलास.

आणि आपण अकरा बोलून दोन हातांनी बुडालो, तर? समोरच्यांना चाळीस. खेळ चालू!

हा तर त्यांचाच हिशोब होता. एवढी वर्षं त्या कानीकपाळी ओरडत होत्या, की भाऊजी, कधी कधी हरायचीही बोली लावावी लागते. भाऊजींनी तेव्हा एकदाही ऐकलं नव्हतं.

"बोली राहील," त्या म्हणाल्या.

"वहिनी, अहो, त्यांची चूक—"

"चूक नाही. मघाशी चूक होती, तेव्हा मी गप्प बसले. ही त्यांची बोली आहे. त्यांनी तोंडानं लावलीय, ठोक्याला लावलीय, सगळ्या हॉलनं ऐकलीय. दुसऱ्या कुणी अकरा म्हटलं असतं, तर तुम्ही परत घेता का म्हणून विचारलं असतंत?"

चिटणीसांनी नकारार्थी मान हलवली.

"मग ह्यांनाही विचारायचं नाही. बुडालो तर बुडालो. आमचं आम्ही बुडू!"

केमिस्टनं खांदे उडवले. "जशी तुमची मर्जी. नंतर तक्रार नको."

भाऊजींनी डाव्या हातानं खाचेतून एक पान काढलं आणि टेबलावर उलटलं. बदामाचा एक्का. हुकूम दोनदा फिरला, तेव्हा वहिनींना कळलं, की भाऊजींकडे बदामाची सहा होती. दोघांची मिळून अकरा; त्या रंगात समोरच्यांकडे एकेकच होतं. वहिनींनी श्वास सोडला. आता नऊ हात तरी कुणाच्या बापाला चुकणार नव्हते.

तसंच झालं. समोरच्यांनी चौकटचे दोन हात घेतले, किलवरचा एक, इस्पिकचा एक. बाकी नऊ ह्यांचे. दोन कमी. मेहुण्यानं टाळी वाजवली, फळ्यावर चाळीस गुण चढले, मागच्या रांगेतून "अरेरे" आलं. चिटणीसांनी भाऊजींच्या पाठीवर हात ठेवला. भाऊजींनी तो खांद्यानं झटकला.

केमिस्ट मात्र हसत नव्हता. तो पडलेली पानं उलटून बघत होता. बघता बघता त्याची मान ताठ झाली. "इस्पिक हुकूम असता, तर आपले दहा डोळे मिटून झाले असते," तो मेहुण्याला म्हणाला. मग फळ्याकडे, मग भाऊजींकडे. "मुद्दाम बुडवला तुम्ही."

"बरं," भाऊजी म्हणाले, आणि या वेळी त्या शब्दाचा अर्थ काय, हे हॉलमध्ये कुणालाही विचारावं लागलं नाही.

चारशे दहा आणि चारशे वीस. पुढचा डाव मेहुण्यानं वाटला. भाऊजींनी "नाही" म्हणून सोडलं. केमिस्ट आठ बोलला. वहिनींनी पानं मोजली, पुन्हा मोजली. सवयीनं त्या गप्पच बसल्या असत्या. पण आत काहीतरी मोकळं झालं होतं. "नऊ," त्या म्हणाल्या, आणि आपलाच आवाज ऐकून चपापल्या, इतका तो मोठा होता. मेहुण्यापाशी दहा बोलण्याजोगी पानं होती. त्यानं भाऊजींकडे चोरटा कटाक्ष टाकला, ह्या माणसाच्या मनात आता काय असेल म्हणून, आणि कच खाल्ली. "पास."

नऊ बोलले, बरोबर नऊ झाले. शेवटचा हात भाऊजींच्या किलवरच्या राणीनं घेतला. पाचशे.

टाळ्या वाजल्या. आजारी माणसासाठी वाजवतात तशा हळुवार नव्हत्या. निम्म्या लोकांनी गेल्या वर्षी केमिस्टकडून मार खाल्ला होता. केमिस्ट उठला, भाऊजींसमोर आला आणि सवयीनं उजवा हात पुढं केला. मग चूक लक्षात येऊन डावा केला. भाऊजींनी तो इतका करकचून दाबला, की केमिस्टच्या तोंडून "आई गं" निघालं.

"पुढच्या वर्षी पेन्सिल नको," केमिस्ट बोटं चोळत चिटणीसांना म्हणाला. "उगाच ठोक्यापायी चुकतात ते. मोजू द्या त्यांना त्यांच्या चालीनं. मी दुसरीकडे बघेन."

अंतिम फेरी आठवड्यानं झाली. ती ते हरले. समोर बेकरी चालवणाऱ्या दोघी बहिणी होत्या, आणि त्या सरळसरळ चांगल्या खेळल्या. शेवटच्या डावात वहिनींनी आठवर पास म्हटलं आणि बहिणींनी आठ करून सामना खिशात टाकला.

घरी जाताना तिघं तलावामागच्या रस्त्यानं चालत होते. भाऊजी पुढं होते, काठी फरशीवर ठणाठणा आपटत. कोपऱ्यावरच्या दिव्याखाली ते गर्रकन वळले आणि वहिनींवर सुरू झाले. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ!" आणि काठी वहिनींच्या दिशेनं रोखली.

"नऊ कसे बोलणार होते मी?" वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "चौकटमध्ये माझ्याकडे काय होतं? सत्ती!"

"नाही! नाही! नऊ!"

तो नऊ सुटा होता. एकट्याचा, मागंपुढं कुणी नसलेला. जावेनं वहिनींचा दंड धरला. भाऊजींच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. ते काठीनं रस्त्यावर कुणाकडे कोणतं पान होतं, ते आखून दाखवत होते.

"ताई, ऐकलंत?"

"ऐकलं. पण म्हणून काही ते बरोबर ठरत नाहीत," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, इकडे बघा. राणी त्या थोरलीकडे होती. तुम्ही उतारी कसली करणार होतात, ते आधी सांगा मला."